चाळिशीच्या तोंडावर दिग्दर्शक व्हायचंय, गावची जमीन विकू का?

पत्र

"गेली अकरा वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहितोय. वय ३८. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी सातवीत, ठाण्यात वन बीएचके, हप्ते चालू. महिन्याला वीस-बावीस एपिसोड हातून जातात, पण टीव्हीवर दिसतं ते माझं नसतं. मागच्या महिन्यात मुलाला घराबाहेर काढणाऱ्या एका आईचा सीन जीव ओतून लिहिला. सेटवर दिग्दर्शकाने अर्धा कापला आणि उरलेल्यावर म्युझिक चढवलं. त्या रात्री ठरवलं, आता आपलं आपणच करायचं. बाप-लेकाच्या गोष्टीची पूर्ण लांबीची पटकथा तयार आहे. कोरियाचे ली चांग-डोंग माझं दैवत. तेही आधी मास्तर, मग कथालेखक, मग पटकथाकार आणि चाळिशी ओलांडल्यावर एकदम दिग्दर्शक. त्यांना जमलं तर मला का नाही? गावाकडे वडिलांच्या नावावर दीड एकर आहे. विकली तर छोटा सिनेमा उभा राहील. वडील नाही म्हणणार नाहीत. बायको काही बोलत नाही. कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, पुन्हा सही करू की नको? पटकथेची पहिली दहा पानं जोडली आहेत.
ता.क. लींचे 'बर्निंग' आणि 'पोएट्री' एवढे दोनच सिनेमे पाहिलेत. बाकीचे कुठल्या क्रमाने पाहू?"
– एक संवादलेखक, ठाणे

उत्तर

नमस्कार.

जमीन विकू नका आणि मार्चमध्ये सही करा. उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुमचा एक डोळा तेवढी ओळ शोधत राहील. सिनेमा करू नका असं मात्र मी म्हणत नाहीये. तुम्ही ज्यांना दैवत म्हणता, त्यांच्या आयुष्यातला एक तुकडा तुम्ही पत्रात सोयीस्करपणे गाळलाय. तो आधी परत जागेवर ठेवू, मग तुमच्या दहा पानांकडे येऊ.

ली चांग-डोंग १९५४ साली डेगू शहरात जन्मले. तिथल्याच क्यंगपुक विद्यापीठात कोरियन भाषा-साहित्य शिकले, तरुणपणी नाटकात रमले, मग हायस्कूलमध्ये भाषेचे शिक्षक झाले. १९८३ मध्ये 'डोंगा इल्बो' या दैनिकाच्या नववर्ष साहित्यस्पर्धेत त्यांच्या लघुकादंबरीला बक्षीस मिळालं. कोरियात वर्तमानपत्रांच्या या स्पर्धांना भलतंच वजन आहे. लेखक म्हणून नाव लागतं ते बहुधा तिथूनच. पुढची दहा वर्षं ते कथाकार म्हणूनच ओळखले जात होते. दोन संग्रह निघाले, दुसरा १९९२ मध्ये. काळ कसा होता तेही पाहा. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि लष्करी राजवटीचा पीळ सैल व्हायला १९८७ उजाडावं लागलं. त्या देशात लिहिणाऱ्याला विषय शोधत हिंडायची गरज नव्हती. लिहून होतं काय, हा प्रश्न मात्र रोज समोर असावा.

मग आले पार्क क्वांग-सू. तेव्हाच्या नव्या कोरियन सिनेमातलं मोठं नाव. त्यांचा 'टू द स्टारी आयलंड' हा सिनेमा १९९३ चा, इम चोल-वू यांच्या कादंबरीवर बेतलेला. एक माणूस वडिलांचं शव घेऊन त्यांच्या मूळ बेटावर पुरायला येतो आणि बेटावरचे लोक ते उतरवू देत नाहीत, कारण कोरियन युद्धाच्या काळात या बापाने काय केलं ते कुणीही विसरलेलं नाही. पटकथेत ली होते. आता तो गाळलेला तुकडा: पटकथा देऊन ते घरी बसले नाहीत. त्याच सिनेमावर सहायक दिग्दर्शक म्हणून राबले. वय एकोणचाळीसच्या आसपास, साहित्यात नाव झालेलं, आणि काम सहायकाचं! ते काम काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. पहाटेचा कॉल टाइम, गर्दीच्या सीनला गर्दी जमवणं, मागच्या शॉटला कुणाची बाही दुमडलेली होती ते लक्षात ठेवणं, आणि आपणच लिहिलेली ओळ दिग्दर्शकाने सेटवर बदलली तर तोंड मिटून त्या बदललेल्या ओळीची तयारी करणं.

दोन वर्षांनी पार्क यांचाच 'अ सिंगल स्पार्क' आला. जॉन ते-इल हा सोलच्या कपडे-बाजारातला कामगार. कामगार कायदे कागदावरच राहतात म्हणून १९७० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्याच्यावरच्या या सिनेमाला हजारो सामान्य माणसांनी वर्गणी दिली होती. पटकथेवर अनेकांची नावं आहेत, लींचं त्यातलं एक. म्हणजे स्वतःचा पहिला सिनेमा करण्याआधीचं त्यांचं शेवटचं मोठं काम इतर लेखकांसोबत, दुसऱ्याच्या सिनेमासाठी केलेलं होतं. आणि मग १९९७ मध्ये 'ग्रीन फिश'. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. तुमच्या पत्रातलं 'चाळिशी ओलांडल्यावर' खरं आहे. 'एकदम' खरं नाही.

तसं पाहिलं तर तिथे ही वाट अनेकांनी तुडवली आहे. 'पॅरासाइट'वाले बॉन्ग जून-हो यांनीही आधी दुसऱ्यांच्या सिनेमांच्या पटकथांवर काम केलं, आणि २००० साली आलेला त्यांचा पहिला सिनेमा तिकीटबारीवर आपटला. जगाने नाव घेतलं ते नंतर.

आता पत्रातल्या खऱ्या दुखण्याकडे येते. आईचा सीन कापला. मला वाईट वाटलं, कारण तुम्ही तो कसा लिहिला असेल याचा अंदाज सोबतच्या दहा पानांवरून येतो. पण एक विचारते. कापल्यावर सीन बिघडला की चालला? पत्रात तुम्ही ते सांगितलेलंच नाही. 'कापला' एवढंच आहे. अकरा वर्षं रोज सीन पाडणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही अपमानाचा हिशेब लिहिलात, सीनचा लिहिला नाहीत. राग रास्त असेलही. म्युझिकचा मारा तर कुणालाच सहन होत नाही. पण 'माझं कुणी कापू नये' म्हणून दिग्दर्शक व्हायचं असेल, तर पहिल्या शेड्यूलच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी परत याल. लेखक कॅमेऱ्यामागे गेला की सगळ्यांत आधी लेखकाच्याच ओळी जातात. कापणारा तोच असतो, एवढाच फरक. लींचे सिनेमे ओळीने पाहिले तर हे होताना दिसतं, म्हणून तर त्यांच्याबद्दल एवढं लिहितेय.

'ग्रीन फिश'चा नायक माकदोंग नुकताच सैन्यातून सुटून घरी आलाय. घर इल्सानला, सोलच्या कडेला. तो गेला तेव्हा तिथे शेतं होती, आला तेव्हा अपार्टमेंटचे टॉवर उभे आहेत. (गेल्या तीस वर्षांत घोडबंदर रोडने जे पाहिलं त्यावर तुम्हीही एखादा सिनेमा लिहू शकता, पण तो वेगळा विषय.) घरचे पांगलेत, काम नाही, तो एका गुंडाच्या टोळीत शिरतो, आणि त्याच्यासाठी एक खून करून बसतो. खून झाल्यावर तो टेलिफोन बूथमध्ये शिरतो आणि घरी फोन लावतो. फोन थोरल्या भावाच्या हाती येतो. आता हा सीन मालिकेत आला असता तर काय झालं असतं? 'दादा, माझ्या हातून फार मोठं पाप घडलंय' इथून सुरुवात, आणि पुढची दोन पानं तुम्ही भराभर लिहिली असती. माकदोंग खुनाबद्दल अवाक्षर काढत नाही. फोन ठेवू नकोस म्हणतो, आणि लहानपणीची आठवण काढतो: आपण लाल पुलाखाली हिरवा मासा पकडायला गेलो होतो, माझी सपाता हरवली, सगळे भाऊ ती शोधत बसले, तुला मधमाशी चावली, आठवतं का? हसतो, रडतो, परत तेच. कॅमेरा त्याच्यावर खिळलेला. पलीकडे भावाला काय कळतंय ते आपल्याला दिसतही नाही.

या सीनमध्ये शब्द पुष्कळ आहेत. तो अजून कथाकाराचाच सीन आहे. फक्त जे सांगायचंय ते सोडून बाकी सगळं तो पोरगा बोलतो. तुम्ही ज्याला जीव ओतून लिहिणं म्हणता, त्यात पात्र मनातलं सगळं ओठांवर आणतं. रोजच्या मालिकेत तसंच लागतं, कारण प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता ऐकत असतो. ते कसब खोटं नाही. पण ते वेगळं कसब आहे, आणि अकरा वर्षांत हाताला त्याचीच सवय लागलीय.

पुढचा 'पेपरमिंट कँडी'. १९९९ मध्ये बुसानच्या चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन याच सिनेमाने झालं आणि १ जानेवारी २००० ला तो थिएटरांत लागला. नदीकाठच्या सहलीत घुसलेला एक उद्ध्वस्त माणूस रेल्वेच्या पुलावर चढतो आणि येणाऱ्या गाडीसमोर ओरडतो, 'मला परत जायचंय!' तिथून सिनेमा मागे जातो. तीन दिवस आधी, मग १९९४, १९८७, १९८४, १९८० आणि शेवटी १९७९. व्यवसायात बुडालेला माणूस त्याआधी विद्यार्थ्यांचे हाल करणारा पोलीस होता, त्याआधी ग्वांगजूला पाठवलेला कोवळा सैनिक होता, आणि त्याच्याही आधी फुलांचे फोटो काढायचं स्वप्न पाहणारा मुलगा. गोष्ट उलटी सांगायची ही कल्पना लेखकाची, ती कागदावर येते. पण दोन प्रकरणांच्या मध्ये रुळांचं जे दृश्य येतं ते कागदावर येत नाही. गाडीच्या शेपटीकडून चित्रण करून ते उलटं चालवलंय. त्यामुळे वाटतं गाडी पुढे चाललीय, मग हळूच लक्षात येतं की बाजूच्या रस्त्यावरची माणसं आणि मोटारी मागे मागे सरकताहेत. वीस वर्षांच्या इतिहासावरचं भाष्य त्यात आहे, आणि एकाही पात्राने तोंड उघडलेलं नाही.

'ओअॅसिस'बद्दल थोडक्यात. २००२ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि मून सो-री या अभिनेत्रीलाही नवोदितांचा. सेरेब्रल पाल्सी असलेली तरुणी आणि तुरुंगातून सुटलेला एक अर्धवट पोरगा यांच्या प्रेमाची ही गोष्ट बलात्काराच्या प्रयत्नातून सुरू होते, आणि तो भाग मला आजही पचलेला नाही. थोर सिनेमा आहे हे मान्य करूनही.

तुम्ही 'पोएट्री' पाहिलाय ते बरं झालं. मिजा आठवते ना, साठी उलटलेली, विसरायला लागलेली, कविता लिहायला शिकणारी आजी? तिचा नातू आणि त्याच्या मित्रांनी ज्या शाळकरी मुलीवर अत्याचार केले, तिने जीव दिलाय. बाकीच्या मुलांचे बाप पैसे देऊन प्रकरण मिटवायला बसलेत, आणि मुलीच्या आईची समजूत घालायला 'बाईमाणूस' म्हणून मिजाला पाठवतात. ती गावी जाते. वाटेत जर्दाळूंचा सडा पडलेला असतो. एक उचलून चाखते, वहीत काहीतरी लिहिते. शेतात ती आई काम करताना दिसते. मिजा तिच्याशी बोलायला लागते: हवा किती छान आहे, पीक कसं आहे, जर्दाळू कसे स्वतःला जमिनीवर झोकून देतात. दोघी हसतात. निरोप घेऊन मिजा परत फिरते, चार पावलं चालते आणि थांबते. आपण इथे कशाला आलो होतो ते तिला तेव्हा आठवतं. त्या चेहऱ्यावर क्षणभर काय काय येतं! मग ती मागे वळत नाही, तशीच चालत राहते.

हा सीन संवादलेखकाला द्या. तो आधी त्या दोघींना समोरासमोर बसवेल. मुलीचा फोटो भिंतीवर, हार घातलेला. दोघींच्या डोळ्यांत पाणी. मी थट्टा करत नाहीये, मलाही तोच सीन सुचला असता. लींनी तो भेटीचा सीन लिहिला आणि त्यातून भेटीचं कारणच काढून घेतलं. यासाठी लेखक मोठा लागतोच, पण युन जॉंग-ही यांच्यासारखी, पूर्वी पडदा गाजवलेली आणि बरीच वर्षं त्यापासून लांब राहिलेली अभिनेत्री चार पावलं चालून थांबेल तेव्हा काय होईल, यावर विश्वास टाकणारा दिग्दर्शकही लागतो. तो विश्वास टेबलाशी बसून येत नाही. सेटवर दिवसचे दिवस नटांच्या पाठी पाहून येत असावा.

याच पटकथेची गंमत सांगते, तुम्हाला कुठल्यातरी नकाराच्या दिवशी उपयोगी पडेल. कोरियन फिल्म कौन्सिलच्या निर्मिती-साहाय्यासाठी ती गेली, तेव्हा एका परीक्षकाने तिला शून्य गुण दिले होते. कारण काय, तर ती पटकथेच्या ठरल्या साच्यात नाही. पुढे २०१० मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार तिलाच मिळाला.

आता पैशांचं आणि वेळेचं बोलू. १९९७ ते २०१८ या एकवीस वर्षांत लींनी पूर्ण लांबीचे सिनेमे केले सहा. 'ओअॅसिस'नंतर पाच वर्षं काही नाही. त्यातलं वर्ष-सव्वा वर्ष, २००३ ते २००४, ते चक्क देशाचे संस्कृतिमंत्री होते. 'पोएट्री' आणि 'बर्निंग' यांच्यात आठ वर्षं. मधल्या काळात त्यांनी कलाविद्यापीठात शिकवलं आणि नव्या दिग्दर्शिकांच्या सिनेमांची निर्मिती केली. सांगायचा मुद्दा, त्यांचं घर सिनेमावर चाललं असेल असं हा हिशेब पाहून वाटत नाही, आणि तुमच्या दैवताला जे जमलेलं दिसत नाही ते तुम्ही दीड एकरात जमवायला निघालाय.

शिवाय ते ज्या काळात उभे राहिले तो काळही विसरू नका. नव्वदच्या दशकात कोरियातल्या बड्या उद्योगसमूहांनी सिनेमात पैसा ओतला. थिएटरांना वर्षाकाठी ठरावीक दिवस देशी सिनेमा दाखवणं कायद्याने बंधनकारक होतं, २००६ पर्यंत मूळ नियमाने १४६ दिवस, नंतर ते निम्म्यावर आणले. बुसानचा महोत्सव १९९६ मध्ये सुरू झाला. 'ग्रीन फिश'मध्ये नायक होता हान सोक-क्यू, तेव्हाचा हमखास चालणारा नट. पदार्पणाचा सिनेमा होता, पण वडिलोपार्जित जमिनीवर उभा केलेला नव्हता. आपल्याकडे मराठी सिनेमाला राज्य सरकारचं अनुदान आहे खरं, पण ते सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन हातात येतं. त्या भरवशावर सुरुवात केलेले किती जण प्रिंट पूर्ण असूनही शोसाठी मल्टिप्लेक्सचे उंबरे झिजवतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल.

जमिनीबद्दल आणखी एक. 'वडील नाही म्हणणार नाहीत' याला होकार म्हणत नाहीत. त्यांना विचारलंत का, की अंदाजच केलाय? जमीन वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचं नाव असलं तरी भावाबहिणींचा हक्क उभा राहतो, तोही आधी बघायला हवा. आणि 'बायको काही बोलत नाही' या चार शब्दांवर तर मी तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त वेळ थांबले. हप्ते चालू आहेत, मुलगी सातवीत आहे, महिन्याचा खात्रीचा पगार तिचा आहे. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या पटकथेत आला असता तर तुम्हाला तो झटकन लागला असता. एका रविवारी तिच्यासमोर आकडे मांडून बसा. किती रुपये, किती महिने, परत न आल्यास काय. तिने काही विचारलं तर उत्तर द्या, आणि उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगा.

तुमची दहा पानं वाचली. मुलगा शहरात निघालाय, बाप त्याला एसटी स्टँडवर सोडायला आलाय. पहिल्या पानापासून सहाव्या पानापर्यंत दोघं बोलताहेत: शेत, कर्ज, मेलेली आई, शहर कसं माणूस गिळतं. चांगलं लिहिलंय, कानाला गोड आहे, आणि मला कंटाळा आला. मग सातव्या पानावर कंसात एक ओळ आहे: 'बाबा पाकिटातले पैसे मोजतात, शंभराची नोट मुलाला देतात, उरलेले पुन्हा मोजतात आणि त्यातली एक नोट परत काढतात.' ही ओळ लिहिताना तुमच्या लक्षात आलं का, की आधीची सहा पानं आता नकोत? कर्ज, शेत, माया, लाज, सगळं त्या दुसऱ्यांदा मोजण्यात आलं. दिग्दर्शक व्हायची तुमची लायकी आहे की नाही असं कुणी मला विचारलं, तर मी त्या कंसाकडे बोट दाखवीन. पण तो कंसात आहे. तुमच्या लेखी तो मजकूर नाही, सूचना आहे.

तेव्हा एवढं करा. फक्त हाच प्रसंग शूट करा, आठ-दहा मिनिटांचा. डेपोत परवानगीची कटकट होईल, म्हणून हमरस्त्यावरचा एखादा विनंती थांबा निवडा. नाटकातले दोन ओळखीचे नट घ्या, त्यांना जेवण आणि जाण्यायेण्याचं भाडं द्या, फुकट राबवू नका. कॅमेरा भाड्याने मिळतो, नाहीतर चांगला फोन पुरतो. आवाजासाठी मात्र नीट माणूस ठेवा, तिथे काटकसर केलीत तर पस्तावाल. एकदा सगळ्या संवादांसकट घ्या, तुमची सहाही पानं. मग तोच प्रसंग अशा तऱ्हेने घ्या की दोघं एसटी, पाऊस आणि डब्यातली भाजी याखेरीज कशाबद्दलही बोलणार नाहीत. दोन्ही एडिट करा आणि बायकोला दाखवा. कुठला आवडला म्हणून विचारू नका, ती पाहत असताना तिच्याकडे पाहा.

दुसरं, सहायकाचं. तुम्ही शेवटचे सेटवर कधी गेला होतात? मालिकेचे लेखक सकाळी सीन व्हॉट्सअॅपवर टाकतात आणि पुढच्या एपिसोडच्या वन लाइनला, म्हणजे सीनवार आराखड्याला, लागतात, त्यात वावगं काही नाही, वेळच नसतो. पण मार्चला सही करताना पैशांबरोबर एक गोष्ट मागून घ्या. महिन्याचे चार एपिसोड कमी करा, किंवा एपिसोड आगाऊ लिहून, बँक करून, एकगठ्ठा दहा-बारा दिवस मोकळे काढा, आणि त्या दिवसांत कुणाच्या तरी सिनेमावर सहायक म्हणून उभे राहा. तिसरा-चौथा सहायक म्हणूनसुद्धा. पंचवीस वर्षांची पोरं तुम्हाला 'सर' म्हणतील आणि कामं सांगतील, दोन्ही सहन करावं लागेल. आणि त्याआधी, जमलं तर या आठवड्यातच, ज्या दिग्दर्शकाने तुमचा सीन कापला त्याच्या सेटवर एक दिवस जाऊन बसा. भांडायला नाही. रात्री बारापर्यंत किती सीन उरकायचे असतात, कुठली नटी कुठलं वाक्य कशी टाळते, लाइट जाताना काय सोडून द्यावं लागतं, ते बघून या. तो माणूस नालायक निघाला तर तेही कळेल, आणि मग तो का नालायक आहे हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

तिसरं, सुचलं म्हणून. तुमची पहिली फिल्म तुमच्याच गोष्टीवर असली पाहिजे असा हट्ट धरू नका. लींचा 'सिक्रेट सनशाइन' कोरियन लेखक यी चोंग-जुन यांच्या कथेवरून आलाय, 'बर्निंग' जपानी लेखक मुराकामींच्या एका छोट्याशा कथेवरून. मुराकामींच्या कथेत नसलेला गरीब-श्रीमंतीचा जळफळाट लींनी त्यात आणला आणि ती कथा त्यांची झाली. एवढा मोठा कथाकार दुसऱ्याची कथा घेतो, त्यामागे हिशेब असा असावा: स्वतःच्या वाक्यांवर माया जडते, दुसऱ्याच्या वाक्यांवर कात्री चालवणं सोपं जातं. मराठी कथेत असा ऐवज पडून आहे. हक्क रीतसर मागा, पैसे द्या.

क्रमाचं विचारलंत. तुम्ही शेवटून सुरुवात केलीय, आता पुढून या. 'ग्रीन फिश', मग 'पेपरमिंट कँडी'. ते दोन एका आठवड्यात. 'ग्रीन फिश'मध्ये एका बारक्या गुंडाच्या कामात सोंग कांग-हो ओळखून काढा, तो पुढे 'सिक्रेट सनशाइन'मध्ये गॅरेजवाला होऊन भेटेल. 'ओअॅसिस' एकट्याने पाहा. 'सिक्रेट सनशाइन'मध्ये लहान मुलाचं अपहरण आणि खून आहे, मुलगी झोपल्यावर लावा. जॉन दो-यॉनला २००७ मध्ये कानचा अभिनेत्रीचा पुरस्कार ज्यासाठी मिळाला ते काम त्यात आहे, आणि तुरुंगातल्या भेटीचा सीन संवादलेखकाने पाहायलाच हवा, तिथे संवादच घाव घालतो. मग 'पोएट्री' पुन्हा, या वेळी सबटायटल बंद करून, निदान शेतातला प्रसंग तरी. 'टू द स्टारी आयलंड' मिळवायला कष्ट पडतील. मिळाला तर श्रेयनामावली पुढे ढकलू नका.